कापडाच्या कामात रंग फुटतो तेव्हा: काय तपासायचं, कुठं थांबायचं

जुन्या साड्या, खण, घरी रंगवलेलं मांजरपाट बोर्डावर किंवा कॅनव्हासवर चिकटवायचं, वरून रंगकाम करायचं, टाके घालायचे, अशी चित्रं करणाऱ्यांना एक दोष हमखास गाठतो: रंग फुटतो, म्हणजे कापडातला रंग सुटून आजूबाजूला पसरतो. माझ्याकडं दुरुस्तीला येणाऱ्या कामांत सगळ्यात जास्त वेळा हाच दोष असतो. तोवर दोन-तीन प्रकारचे सीलर (रंग आत कोंडून ठेवायला वरून द्यायचे थर) आणून वर फासून झालेले असतात. पैसे गेलेले असतात आणि डाग जागच्या जागी असतो. म्हणून खालच्या तपासण्या फुकटच्यापासून सुरू करून महागाकडं नेल्या आहेत. मधल्या गाळू नका. बऱ्याच जणांचा उलगडा पहिल्या तीनांतच होतो.

दोष कसा दिसतो

तक्रार एकच असली तरी रंग फुटण्याच्या तऱ्हा वेगळ्या आहेत, आणि उपाय त्यावरच ठरतो.

गोंद लावल्यावर पाच-दहा मिनिटांत तुकड्याच्या कडेनं शेजारच्या कागदावर रंगाची झालर उमटते. ही सगळ्यात साधी तऱ्हा. कापडात सुटा रंग आहे आणि गोंदातल्या पाण्यानं तो विरघळलाय.

कापडावरून पांढऱ्या जेसोचा (रंगकामाआधी द्यायच्या अस्तराचा) हात दिला. ओला असताना पांढराशुभ्र होता, वाळता वाळता गुलाबी झाला. दुसरा हात दिला, तोही गुलाबी. कितीही हात दिले तरी हेच होणार, कारण प्रत्येक हाताबरोबर नवं पाणी आत जातं आणि रंग घेऊन वर येतं.

काम महिनोन्महिने ठीक होतं आणि आषाढात बिघडलं. कडेला गडद रेघ आली, भिंतीकडच्या बाजूला ढग उमटले. इथं कापडाइतकाच भिंतीच्या ओलीचा हात असतो.

कोरड्या बोटाला निळं लागतं, पण पाण्यात काहीच सुटत नाही. बहुतेक वेळा ही नीळ (इंडिगो) असते, म्हणजे जुनी जीन्स किंवा निळीचं छापील कापड.

इस्त्री फिरवली आणि वर टाकलेल्या पांढऱ्या फडक्यावर फुलांची छाप आली. हे पॉलिएस्टर.

आणि एक गोष्ट रंग फुटण्यात धरू नका: पिवळ्याचं लाल होणं. हळदीनं रंगवलेलं किंवा हळद लागलेलं कापड साबणानं, सोड्यानं लाल होतं हे घरोघरी माहीत आहे. ॲक्रिलिकची माध्यमंही (रंगात मिसळायचे किंवा वरून द्यायचे पारदर्शक द्रव) बहुधा थोडी क्षारीय असतात, त्यामुळं तीच गंमत तिथंही होऊ शकते. तो रंग पसरत नाही, फक्त पालटतो. हळद उन्हात उडतेही, म्हणून टिकवायच्या कामात तिच्यावर भिस्त नको.

पाणी नेमकं काय करतं

एवढं समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. धाग्याला घट्ट न जडलेला रंग पाण्यात उतरतो. पाणी जिथून उडून जातं तिथं रंग मागं राहतो. जेसोतलं पाणी वरून उडतं म्हणून रंग वर येतो. ओल्या भागाचं पाणी कोरड्या कडेशी उडतं म्हणून डागाची कड गडद असते. म्हणजे प्रश्न तीनच: सुटा रंग किती आहे, आपण पाणी किती घालतोय आणि ते किती वेळ राहतंय.

पहिली तपासणी: कापडातलं पांढरं बघा

याला खर्च काही नाही. चौकडी, काठ, नक्षी, बुट्टी, कापडात कुठंही मुळातलं पांढरं असेल तर ते उजेडात नेऊन बघा. ते पांढरंच आहे की त्यावर आजूबाजूच्या रंगाची झाक आहे? झाक असेल तर हे कापड आधीच कधीतरी फुटलेलं आहे आणि पुन्हा फुटेल.

आपल्याकडच्या पेट्यांतून निघणारी इरकल साडी यासाठी फार बोलकी आहे. पारंपरिक इरकलीत अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, सुती असतो आणि पदराचा ताणा वेगळा, रेशमाचा. दोन्ही ताणे फासात फासा अडकवून जोडलेले असतात. पदर उलटा करून बोट फिरवलं तर तो जोड हाताला लागतो. लाल पदरात पांढरी नक्षी असते. ती नक्षी गुलाबी दिसली तर पदराचा लाल कच्चा आहे, अंगाचा निळा मात्र पक्का असू शकतो. म्हणजे एकाच साडीतून कापलेले दोन तुकडे एकाच गोंदावर वेगवेगळे वागतात. ‘निम्मं काम नासलं, निम्मं चांगलं, गोंदाचा डबा तर एकच’ अशी तक्रार आली की मी आधी पदराचा तुकडा कुठं लावलाय ते विचारते.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट तपासा, ती म्हणजे कापडाचा इतिहास. कापड जुनं आहे एवढ्यावर समाधान मानू नका, ते किती वेळा धुतलंय ते विचारा. आजीचं रोजच्या वापरातलं लुगडं शेकडो धुण्यांतून गेलेलं असतं, त्यातला सुटा रंग कधीच नदीला गेला. आपल्या वाकळांत अशीच लुगडी घालायचे. उलट लग्नाच्या वेळची, वर्षानुवर्षं ट्रंकेत ठेवलेली आणि फक्त ड्रायक्लीन झालेली साडी आपल्या कामासाठी कोरीच समजायची. बोहारणीकडून घेतलेल्या गठ्ठ्याचा इतिहास कळत नाही, म्हणून त्यातला प्रत्येक तुकडा पुढच्या तपासणीत घालायचाच.

दुसरी: कोरडं फडकं, ओलं फडकं

धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडाचे दोन तुकडे घ्या. एक कोरडा, एक भिजवून पिळलेला. दोन्ही कापडाच्या कोपऱ्यावर दाबून दहा-बारा वेळा घासा. कोरड्यालाच रंग लागला तर तो धाग्याच्या वर बसलेला रंग आहे. निळीचं हेच होतं, कारण नीळ पाण्यात विरघळत नाही, धाग्यावर थर होऊन बसते. तिला फिक्सरचा, म्हणजे रंग पक्का करायच्या द्रावणाचा, उपयोग नाही. थर धरून ठेवायला वरून ॲक्रिलिक माध्यमाचा पातळ हात पुरतो. फक्त ओल्यालाच लागला तर तो विरघळणारा रंग आहे, पुढं चला.

घाई असेल तर भिजवलेला तुकडा दोन पांढऱ्या फडक्यांत ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. वाफेनं सुटा रंग लगेच बाहेर येतो. नुसत्या थंड पाण्याच्या परीक्षेत पास झालेली कापडं इथं नापास होतात. रेशीम असेल तर इस्त्री बेतानं.

मरून, काळा, नेव्ही ब्लू, राणी आणि गडद हिरवा या रंगांवर नुसत्या नजरेनं विश्वास ठेवू नका.

तिसरी: ज्या गोंदानं चिकटवणार, त्याच गोंदात

पाण्यात न सुटणारा रंग गोंदात सुटू शकतो. कारण पांढऱ्या गोंदात आणि ॲक्रिलिक माध्यमात पाण्याखेरीज बाकीचे पदार्थही असतात. म्हणून बोटभर तुकडा पांढऱ्या जाड कागदावर त्याच गोंदानं चिकटवा, अर्ध्यावर जेसोचा हात द्या आणि रात्रभर ठेवा. सकाळी निकाल तुमच्यासमोर. मी असे तुकडे एका वहीत लावून खाली कापड कुठलं, गोंद कुठला, महिना कुठला ते लिहून ठेवते. महिना लिहायचं कारण पुढं येतंय.

चौथी: पाणी किती आणि वाळायला वेळ किती

इथं कापड निर्दोष असलं तरी काम बिघडतं. गोंद पुरावा म्हणून त्यात निम्मं पाणी घालायची सवय फार आहे. कागदाच्या कामाला ते चालतं, रंगीत कापडाला नाही. गोंद घट्टच ठेवा. तो कापडाला न लावता बोर्डाला लावा, जुन्या कार्डानं किंवा पट्टीनं ओढून पातळ थर करा आणि त्यावर कोरडं कापड बसवून बटर पेपरवरून दाबा. गोंद वर झिरपून दिसत असेल तर थर जाड झालाय.

दाबल्यावर प्लॅस्टिक टाकून वर पुस्तकांची चळत ठेवू नका. पाणी आत कोंडतं आणि रंगाला पसरायला रात्र मिळते. तुकडा धरला की बटर पेपर काढून पंख्याखाली ठेवायचं.

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत कोल्हापुरात साधा टॉवेल दोन दिवस वाळत नाही. एप्रिलमध्ये तासाभरात वाळणारा गोंद त्या दिवसांत संध्याकाळपर्यंत ओला असतो आणि तेवढा वेळ रंग चालत राहतो. म्हणून उन्हाळ्यात पास झालेलं कापड पावसाळ्यात नापास होतं. शंकेचं कापड असेल तर ती कामं दिवाळीनंतर घ्या. झालेलं काम जुन्या दगडी घरात तळमजल्याच्या भिंतीला थेट टेकवू नका. चौकटीच्या मागं चारी कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावले की मागून हवा खेळते.

पाण्याचा प्रश्न मुळापासून टाळायचे दोन मार्ग आहेत. शिंपी वापरतात ते इस्त्रीनं चिकटणारं फ्यूजिंग, किंवा सरळ धावदोरा. टाका घातला की गोंदाचा प्रश्नच मिटला. ज्या कापडावर माझा जीव आहे आणि ज्याचा रंग कच्चा आहे, ते मी शिवतेच. पॉलिएस्टरला मात्र फ्यूजिंग वापरताना इस्त्री मंद ठेवा. त्याचा रंग तापल्यावर वाफ होऊन शेजारच्या कापडात जाऊन बसतो, आणि तो डाग धुऊन निघत नाही.

पाचवी: धागा जाळून बघा

पुढचे उपाय धाग्यावर अवलंबून आहेत, म्हणून कापड कशाचं आहे हे आता कळायला हवं. कडेचे चार-पाच धागे ओढा, चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा आणि पेटवा. ताणा आणि बाणा (आडवे धागे) वेगवेगळे जाळा. कागद जळाल्यासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सुती किंवा रेयॉन. केस जळाल्याचा वास आणि बोटानं चुरा होणारी काळी गोळी म्हणजे रेशीम किंवा लोकर. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. ‘आर्ट सिल्क’ म्हणून विकलेला पदर बहुतेकदा कागदासारखा जळतो, म्हणजे तो रेयॉन आहे, रेशीम नव्हे.

एवढी काटेकोर चौकशी कशाला? सुती कापडाला उकळत्या पाण्यात घालता येतं, रेशमाला नाही. धुण्याचा सोडा सुताला चालतो, रेशमाला दुबळं करतो. पांढरं करायचं क्लोरीनचं ब्लीच तर रेशीम आणि लोकर चक्क खाऊन टाकतं.

सहावी: सुटा रंग काढून टाकणं

सगळ्यात खात्रीचा उपाय हाच, आणि हाच सगळ्यात जास्त टाळला जातो. रंग धरून ठेवायच्या नादाला लागण्याआधी जो सुटणारच आहे तो जाऊ द्या.

सुती कापड आधी थंड पाण्यात दोन-तीनदा खळबळून घ्या. मग हात घालवणार नाही इतक्या कढत पाण्यात थोडा साबण घालून अर्धा तास ठेवा. पाणी ओता, नवं कढत पाणी घ्या. काचेच्या ग्लासात घेतल्यावर पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे चालू ठेवा. गडद मरूनला एक अख्खी दुपार लागते. रेशमाला कोमट पाणी आणि सौम्य साबणच, चोळायचं नाही.

रंगाचं पाणी घरातल्या मोरीत, म्हणजे ड्रेनेजला जाऊ द्या, उघड्या गटारात नको. उघडी गटारं ओढ्यांना मिळतात आणि ओढे पंचगंगेला. त्या नदीचे हाल आपण डोळ्यांनी बघतोय.

सातवी: मीठ, व्हिनेगर आणि फिक्सर

‘रात्रभर मीठ-व्हिनेगरमध्ये ठेवा, रंग पक्का होतो’ हा सल्ला इतक्या मायेनं दिला जातो की खोडून काढताना वाईट वाटतं. पण रंगून झालेल्या सुती कापडावर याचा उपयोग नाही. मीठ रंगवताना कामाचं असतं, ते रंगाला पाण्यातून धाग्याकडं ढकलतं. व्हिनेगर लागतं ते लोकर, रेशीम, नायलॉन ॲसिड डायनं (आंबट पाण्यात धरणाऱ्या रंगानं) रंगवताना, तेही तापलेल्या पाण्यात. भिजवल्यावर पाणी स्वच्छ दिसतं ते खारट थंड पाण्यात रंग कमी उतरतो म्हणून. साध्या पाण्यात घातलं की पुन्हा सुरू.

आणि एक धोक्याची गोष्ट: व्हिनेगर लावलेल्या कापडावर ब्लीच कधीही ओतू नका. दोन्ही मिळून विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि आपल्या मोऱ्या लहान असतात.

रंगांच्या दुकानात मिळणारं डाय फिक्सर सुती कापडाच्या साध्या, डायरेक्ट रंगांवर (जे धाग्याशी रासायनिक बंधानं जोडलेले नसतात) खरंच काम करतं. ते सहाव्या पायरीनंतर, साबण पूर्ण काढून मग वापरायचं. फिक्सर धनभाराचं असतं आणि साबण ऋणभाराचा, साबण उरला तर दोघं एकमेकांना निकामी करतात. वापरल्यावर छटा थोडी बदलते आणि काही रंग उन्हात लवकर विटतात. म्हणून आधी कोपऱ्यावर करून बघा.

आठवी: कापड घरी रंगवलं असेल तर

इथं दोष बहुधा रंगवण्यातच असतो आणि तो सापडतोच. सुती कापडावर घरी वापरतात ते थंड पाण्यातले रिॲक्टिव्ह रंग. ते धाग्याशी रासायनिक बंधानं जोडले जातात, त्यामुळं नीट जमले तर याहून पक्के रंग घरात मिळणं कठीण. न जमण्याची कारणं साधारण पाच.

कापडाला खळ होती. इचलकरंजीच्या मागावरून आलेल्या कोऱ्या कापडाला सायझिंग असतं, ताणा तुटू नये म्हणून दिलेलं. पाण्याचा एक थेंब टाका. दोन-चार सेकंदांत शोषला तर ठीक, मण्यासारखा बसून राहिला तर रंग आत जाणारच नाही, वर बसेल आणि गोंदात सुटेल. साबण-सोड्यात उकळून घ्या. तरीही थेंब बसून राहिला तर दुकानदाराला विचारून खळ काढायचं एन्झाइम आणा.

सोडा चुकीचा होता. खायचा सोडा पुरेसा क्षारीय नाही, धुण्याचा सोडाच हवा. त्यातही कोरडी भुकटी आणि खडे यांत फरक आहे. खड्यांत निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं, त्यामुळं भुकटीच्या मापाच्या सुमारे २.७ पट खडे लागतात. भुकटीचं माप लिटरला १० ते २० ग्रॅम.

रंग शिळा होता. सोडा मिसळला की रंग पाण्याशीच जोडला जायला लागतो आणि काही तासांत निकामी होतो. उरलेलं द्रावण दुसऱ्या दिवशी वापरलं तर कापड रंगलेलं दिसतं, पण तो सगळा सुटा रंग असतो. ‘टाकवत नाही’ म्हणून ठेवलेल्या बादलीनं किती कामं बिघडवली असतील!

गारठा. हे रंग २० अंशांखाली फार हळू धरतात आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आपल्याकडं पारा त्याखाली जातो. कापड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, ओलं ठेवून, उबदार जागी २४ तास राहू द्या. मोरपंखी आणि फिरोजी रंग सगळ्यात आळशी आहेत, त्यांना जास्त ऊब आणि जास्त धुणं लागतं.

पाणी जड. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम सोड्याशी मिळून पांढरट साका धरतं आणि रंग डागाळतो. नळाचं पाणी वापरून बघा.

रंगाची भुकटी मोजताना मास्क लावाच. या भुकटीनं श्वासाची कायमची ॲलर्जी होऊ शकते. पंखा बंद, हातमोजे घातलेले, आणि स्वयंपाकाची भांडी यात नाहीत.

काम झाल्यावर फुटलं तर

आधी ते पूर्ण वाळू द्या. ओल्या फडक्यानं पुसायचा मोह टाळा, त्यानं डाग मोठाच होतो. वाळल्यावर रंग आलेल्या भागावर लाखेच्या पॉलिशचा पातळ हात देता येतो, कारण त्यात पाणी नसून स्पिरिट असतं. पण काही रंग स्पिरिटमध्येही सुटतात, म्हणून चाचणीच्या वहीतल्या तुकड्यावर आधी लावून बघा. लाख थोडी पिवळसर दिसते हेही लक्षात ठेवा. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस आणि उदबत्ती लांब.

मला स्वतःला दुसरा उपाय जास्त पटतो: डागावर चांगल्या धुतलेल्या कापडाचं ठिगळ धावदोऱ्यानं लावायचं. चित्रात ते शोभतं, आणि नवं पाणी आत जात नाही.

कुठं थांबायचं

तीन-चार धुण्यांनंतर आणि फिक्सरनंतरही ग्लासातलं पाणी गडदच असेल तर घरचे प्रयोग बंद करा. साड्या डाय करून देणाऱ्या रंगाऱ्याकडं कापड न्या. त्याच्याकडं तापमान धरून ठेवणारी भांडी असतात आणि तो रंगाची जात ओळखून पक्का करून देतो, नाहीतर पुन्हा रंगवतो. नेताना जळक्या धाग्याची परीक्षा काय आली, कोणता सोडा-फिक्सर वापरला ते सांगा. ते न सांगितल्यास त्याचाही अंदाज चुकतो.

रेशीम घडीवर तडकत असेल, जरीची तार काळी पडून सुटत असेल, किंवा कापड जुनी पैठणी, शालू असं पुन्हा न मिळणारं असेल तर पाणीसुद्धा लावू नका. बुरशी आलेलं काम झटकू नका, त्यानं ती इतर कापडांवर पसरते आणि श्वासातही जाते. ते वेगळ्या, कोरड्या जागी ठेवा. ही कामं कापडाच्या संवर्धकाची. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तू संवर्धनाचं केंद्र आहे, चौकशी तिथून सुरू करता येते. तोवर कापड घडी न घालता, धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात सैल गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. आणि सध्याच्या स्थितीचे दिवसाउजेडी दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. संवर्धक पहिल्यांदा तेच मागतो.